आकडा लागतो, नाव लागत नाही

संगणकाच्या धंद्यात मी आयुष्य काढलं, पण ‘तुम्ही नेमकं काय करता?’ असं मला कुणी दोनदा विचारलं नाही. एकदा उत्तर ऐकल्यावर पुन्हा विचारायची कुणाची छातीच झाली नाही. सोयरीक जमवताना सासऱ्यांनी विचारलं होतं. मी अर्धा तास हातवारे करून सांगितलं. ते शांतपणे उठले आणि आत जाऊन बायकांना म्हणाले, “मुलगा वायरमन आहे. निर्व्यसनी दिसतो. देऊन टाकू.”

त्यामुळे ‘तुमच्या कामाबद्दल लिहा, जरा गमतीदार लिहा’ असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा मला भरून आलं. अखेर एक गिऱ्हाईक सापडलं, तेही उठून न जाणारं. गमती माझ्याकडे पोत्याने आहेत आणि त्या मी गेली पंचवीस वर्षं लग्नात, बारशात, दहाव्याच्या घाटावरसुद्धा सांगत आलो आहे. एकच गोष्ट कधी सांगितली नाही. आज ती सांगतो. सुरुवातीला हसून घ्या, पुढे सोय नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बारामतीत, एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. मालकीण नलिनीबाई. शेजारच्या खोलीत बसून नुसत्या खडखडाटावरून ‘तिसऱ्या मशीनवर चूक झाली’ असं सांगणाऱ्या. टाइपरायटरचे दिवस भरत आलेत हे बाईंनी इतरांच्या आधी ओळखलं, सहा संगणक आणले आणि ते चालवायला मला आणलं. पाटीवर माझ्या नावापुढे ‘संगणक तज्ज्ञ’ असं रंगवलं होतं, कारण पेंटरकडे जागा उरली होती.

सहातला एक संगणक कोपऱ्यात असे. त्याच्यावर कुणी बसायचं नाही. एकुलती एक टेलिफोनची लाईन त्याला जोडलेली. तो पुण्याला फोन लावायचा आणि बाकीचे पाच त्याच्यामार्फत इंटरनेट प्यायचे. त्याचं नाव आम्ही ‘वस्ताद’ ठेवलं होतं. वस्तादवर लिनक्स होतं. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी एक व्यवस्था, फुकट मिळणारी. एका मासिकाबरोबर तिची तबकडी यायची. बाहेरगावाहून लग्नाला आलेल्या मावशीसारखी तिची गत. दिसायला साधी, बोलायला फटकळ, पण अख्खं घर उपसून काढणारी. मी तिच्या प्रेमात होतो. चूक कळल्यावरही होतो, हे इथेच कबूल करून टाकतो.

इंटरनेट बघायला माणसं लांबून यायची. कोऱ्हाळ्याचे एक गृहस्थ मुलीची लग्नपत्रिका दुबईच्या भावाला ई-मेलने पाठवायला आले. सगळं टाइप झालं. ‘पाठवू का?’ म्हटल्यावर ते म्हणाले, “थांबा की. आसंच कसं?” खिशातून पुडी काढली आणि पडद्याच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं. मग म्हणाले, “आता जाऊ द्या.” ते बोटांचे ठसे नलिनीबाईंनी लग्न होईस्तोवर पुसू दिले नाहीत.

दुसरा घोळ आकड्यांचा. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडा असतो. चार भागांचा, मधे टिंबं. पुण्याच्या यंत्राचा आकडा मला तोंडपाठ होता आणि त्याचा मला भारी माज होता. लाईन लागली की नाही ते बघायला मी वस्तादकडून त्या आकड्याला हाक मारायचो आणि मोठ्याने आकडा म्हणायचो. स्टँडवरच्या रिकामटेकड्यांचा समज झाला की आत मटका चालतो. दोघेजण तर रोज दाराशी येऊन कुजबुजायचे, “सर, आज काय सुटला?” मी म्हणायचो, “कालचाच.” ते गंभीरपणे मान हलवून जायचे. त्यातल्या एकाला एकदा खरंच लागला. त्याने पेढे आणले. मी खाल्ले.

आता जरा धंद्यातलं सांगतो. घाबरू नका, सासऱ्यांना सांगितलं होतं त्यापेक्षा सोपं आहे.

यंत्रांना आकडे कळतात, माणसांना नावं. शेळगावसारख्या गावात एकाच आडनावाची निम्मी घरं आणि त्यात चार बापू. पत्र आलं की नवा पोस्टमन स्टँडवर उभा राहून विचारतो, ‘बापू कुठले?’ कुणीतरी जाणता सांगतो, ‘लिंबाखालचे म्हणजे तिसरं घर, चष्म्याचे म्हणजे ओढ्यापलीकडं.’ नाव सांगितलं की ठिकाण सांगणारा असा जाणता इंटरनेटवरही असतो. आमचे दोन होते, दोघंही पुण्यात. आणि वस्तादच्या पोटात एक चिमुकली फाईल होती. तिच्यात दोनच ओळी: नाव अडलं तर अमक्या आकड्यावरच्याला विचार, तो नसला तर तमक्याला विचार. बस्स. एवढ्यावर आमचं सगळं दुकान चालायचं.

आणि त्या दोन ओळी पुसल्या तर? यंत्र चालू राहतं. लाईन लागते. दिवे लागतात. फक्त विचारायचं कुणाला ते त्याला माहीत नसतं. मग लिनक्स काय करतं माहीत आहे? ते स्वतःलाच विचारतं. ‘न्यूझीलंडचं विद्यापीठ कुठं रे?’ आणि स्वतःच उत्तर देतं, ‘माहीत नाही बुवा.’ मग म्हणतं, नंतर पुन्हा विचारू. आणि थोड्या वेळाने पुन्हा स्वतःलाच विचारतं.

न्यूझीलंड मी उगाच म्हटलं नाही.

शेळगावचे एक तात्या आमच्याकडे यायचे. पांढरं धोतर, काळी घोंगडी, बोलणं असं की समोरच्याला दोनदा तपासावं लागे, हा माणूस चेष्टा करतोय की काय. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरांचा वाडा होता, आता थोडी शेती. मुलगी मंगल जनावरांची डॉक्टर झालेली. तिने मेंढ्यांच्या रोगांवर पुढे शिकायला न्यूझीलंडच्या एका विद्यापीठात अर्ज केला होता, आमच्याकडूनच. आणि उत्तर आलं, शिष्यवृत्तीसकट जागा मिळाली! तुम्ही येणार असाल तर अमुक तारखेच्या आत ई-मेलने कळवा. ती तारीख दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवसाची.

‘येते’ हा शब्द लिहायला मंगलला दोन मिनिटं लागली असती. तो घरातून निघायला तीन आठवडे लागले. आईने जेवण सोडलं. चुलत्यांनी ‘आधी लगीन’ म्हणून बैठक घातली. तात्या सगळ्यांचं ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “आपुन मेंढरं घिऊन कोकणात जायचो तवा कुणाच्या बापाला इचारलं व्हतं का? ती बी चाऱ्याकडंच चाललीया.” विषय संपला. अष्टमीच्या दिवशी दोघं बारामतीच्या एस.टी.त बसली.

त्याच अष्टमीला सकाळी मी वस्तादवर लिनक्सची नवी आवृत्ती चढवली. का, तर दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. शेतकरी नांगर धुतो, सुतार रंधा पुसतो. आमचं हत्यार हे. ते पूजेला जुनंपानं कसं बसवायचं? साधी गोष्ट: सण गेल्यावर चढवली असती तरी वस्ताद काही रुसला नसता. पण मला त्याला नवे कपडे घालायचे होते.

तबकडी फिरू लागली. मधूनमधून लिनक्स प्रश्न विचारायचं आणि मी ‘हो’ म्हणायचो. लग्नात भटजी काहीतरी पुटपुटतात आणि नवरदेव ‘मम’ म्हणत पाणी सोडतो, तसा मी पाणी सोडत गेलो. त्या प्रश्नांत एक प्रश्न असा होता: ही जुनी फाईल तुम्ही हाताने लिहिलेली दिसते. ती बाजूला ठेवून नवी कोरी ठेवू का?

मम.

दुपारी वस्ताद उठला. पुण्याला फोन लावला, मोडेम, म्हणजे यंत्राला फोनच्या लाईनशी जोडणारी डबी, किंचाळला, त्याचे दोन हिरवे दिवे लागले. मी पुण्याच्या आकड्याला हाक मारली. चार हाका गेल्या, चारही परत आल्या. मी टाळी वाजवली. माझ्या जागी आकडा पाठ नसलेला कुणी अडाणी असता, तर त्याने नावाने हाक मारून बघितली असती आणि तिथल्या तिथे त्याला कळलं असतं. मी तज्ज्ञ. मी आकड्याने मारली.

“कांपुटरराव, मोकळं हाय का?” दारात तात्या.

“या तात्या! तुमच्यासाठी वस्तादने आत्ताच आंघोळ केलीय.”

“बरं झालं. शुभाचं काम हाय.”

मंगल बसली. तिने इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली आणि तात्यांना मराठीत वाचून दाखवली. तात्यांचं समाधान होईना.

“त्यात लिव की, आमच्या घरात सात पिढ्या मेंढरं व्हती.”

“तात्या, असं लिहीत नसतात. त्यांना काय त्याचं?”

“का? पावन्यानं घर-वळख सांगू ने?”

नलिनीबाई पलीकडून म्हणाल्या, “लिही गं. मेंढरांचंच शिकायला चाललीस ना? मग लाजतेस कशाला?”

मंगलने लाल होत चौथं वाक्य लिहिलं. बटण मी दाबलं. तो मान मी कुणाला देत नसे. पडद्यावर आलं, पत्र रवाना.

आता आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. त्या काळी माणूस गावी पोचला की तिथल्या फोनवरून आपल्या माणसाला फोन लावायचा आणि दोन रिंगा वाजल्या की ठेवून द्यायचा. पलीकडच्याने उचलायचा नाही. दोन रिंगा म्हणजे ‘सुखरूप पोचलो’. न उचललेल्या फोनचं बिल येत नाही, म्हणून निघालेली युक्ती; पण बघता बघता ती श्रद्धा झाली. दोन रिंगा ऐकल्याशिवाय बायका ताट वाढून घ्यायच्या नाहीत. मोडेमचे ते दोन हिरवे दिवे माझ्या डोक्यात कधी दोन रिंगा होऊन बसले, मला कळलंच नाही.

“पोचलं?” तात्यांनी विचारलं.

मी दिव्यांकडे बोट केलं. “पोचलं. तुम्ही खुर्चीवरून उठायच्या आत पोचलं.”

“तिकडनं कोन काय बोललं न्हाय.”

“पत्र आहे तात्या, तमाशा नाही. लगेच दाद यायला.”

तात्या हसले, पण उठेनात. “न्हाय, म्हंजे काय, इंदापुरात वकिलाकडं फॅक्स हाय. जाता जाता त्याच्यावनं बी धाडावं का? दोन्हीकडनं गेलं म्हंजे कसं...”

वाचकहो, इथे मी काय केलं ते ऐका. मी छातीला हात लावला. दोन पावलं मागे सरलो. बाकीच्या चार संगणकांवर टायपिंग करत बसलेली गिऱ्हाइकं वळून बघतील अशा आवाजात म्हणालो, “फॅक्स! तात्या, ट्रॅक्टर घेतल्यावर त्याच्या मागं बैल बांधून नेता का?”

सगळे हसले. मंगल तोंडावर ओढणी धरून हसली. तात्याही हसले, “व्हय की. तेबी खरं.” आणि त्यांनी फॅक्सचा विचार सोडून दिला. मला आयुष्यात खूप टाळ्या मिळाल्या आहेत. ती सगळ्यात चांगली वठलेली ओळ होती.

संध्याकाळी लाईन वस्तादकडून काढून फोनला लावली, तेव्हा तो दोनदा वाजून थांबला. नलिनीबाई म्हणाल्या, “तात्या पोचले.”

खंडेनवमीच्या सकाळी हार आणले, नारळ आणला. वस्ताद बंद करण्याआधी नलिनीबाईंनी सवयीने सगळ्यांच्या टपालावर नजर टाकली. “मंगलच्या खात्यात हे काय आलंय बघा हो.”

ते वस्तादनेच पाठवलेलं पत्र होतं. मी नाटकातल्या दूतासारखं उभं राहून वाचलं: पत्र अद्याप पोचवता आलेलं नाही, प्रयत्न चालू आहेत. हा केवळ इशारा आहे. पत्र पुन्हा पाठवण्याची गरज नाही.

“पोचवता आलेलं नाही म्हणतंय,” बाई म्हणाल्या.

“सणाची गर्दी असते लाईनवर. शेवटचं वाक्य बघा ना. यंत्र स्वतःच्या तोंडाने सांगतंय, गरज नाही.”

“तरी तात्यांना निरोप देऊ या का? फॅक्सचं म्हणत होते ते.”

“कशाला म्हाताऱ्याला सणाचं घाबरवता?”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. चुकीचं अक्षर उमटल्याचा आवाज त्यांना ऐकू यायचा, हे मी आधी सांगितलं आहे. पण पाटीवर तज्ज्ञ म्हणून माझं नाव होतं.

मी वस्ताद बंद केला. खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नसतो. कोपऱ्यात त्याला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, पुढे नारळ ठेवला. नवमी आणि दसरा, दोन दिवस तो तसाच बसून होता, पोटात मंगलचं चार वाक्यांचं पत्र घेऊन. आणि मी सोनं वाटत गावभर फिरत होतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या तारखेच्या दिवशीच, इन्स्टिट्यूट उघडलं. आता कुणाच्याच पडद्यावर एकही पान उघडेना. टपाल नाही, काही नाही. मी पुण्याच्या आकड्याला हाक मारली, ती पोचली. मग मी काय निष्कर्ष काढावा? लाईन खराब! तक्रार नोंदवली, एक्स्चेंजला तीनदा फोन करून आवाज चढवला.

लाइनमन दुसऱ्या दिवशी आला. पिशवीतून त्याचा काळा फोन काढला, वायरला लावला, ऐकलं, ठेवला.

“लाईन सोन्यासारखी हाय, सर.”

“मग पानं का उघडत नाहीत?”

“ते मला काय म्हाईत? तुमचा पुन्याचा आकडा लागतुय का?”

“लागतो.”

“मंग झालं की! आकडा लागतुय आन् नाव लागंना, म्हंजे खोट तुमच्या घरात हाय. आमच्या खांबावर चढून काय हुनार?”

त्याने सायकलला टांग मारली. मी नलिनीबाईंना म्हणालो, “हे लोक कधी आपली चूक कबूल करतात का?”

सातवी शिकलेल्या माणसाने मला अख्खा रोग नावानिशी सांगितला होता. एका वाक्यात. मी त्याच्यावर चिडलो, कारण त्याला लिनक्स येत नव्हतं.

त्याच्या पुढच्या दिवशी मंगलचं पत्र परत आलं. वस्तादनेच कळवलं होतं की पाच दिवस प्रयत्न केला. अशा नावाचं ठिकाण आढळत नाही. आता प्रयत्न सोडून देत आहे. खाली मूळ पत्र जसंच्या तसं. चौथ्या वाक्यात सात पिढ्यांची मेंढरं.

मी वस्तादपुढे धावलो. खाली जमिनीवरच बसलो आणि तिथून की-बोर्ड मांडीवर घेऊन वस्तादचं पोट उघडलं. ती चिमुकली फाईल कोरी. आणि तिच्या शेजारीच, अगदी लगत, जुनी फाईल. लिनक्सने ती फेकली नव्हती. तिच्या नावामागे ‘सेव्ह’ असं शेपूट लावून नीट बाजूला ठेवली होती, आणि ठेवू का म्हणून मला विचारलंही होतं. पाच दिवस ती तिथेच होती. शेपूट काढायला मला अर्धं मिनिट लागलं. लगेच सगळी पानं उघडली. मागे गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. मी वळून बघितलं नाही.

त्याच क्षणी मी विद्यापीठाला लिहिलं. चूक माझी, मुलीची नाही. तिने वेळेत पाठवलं होतं. हा बघा पुरावा. मराठी माणूस रडतो तसं इंग्रजीत रडलो. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, अतिशय सभ्य. आम्ही समजू शकतो. परंतु मुदतीत उत्तर न आल्याने जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली आहे आणि त्यांनी ती स्वीकारली आहे. पुढल्या वर्षी अर्ज करावा.

पुढल्या वर्षी ती शिष्यवृत्ती नव्हती. हे सगळं नंतरचं. मंगलचं लग्न झालं. सासरी सुरुवातीला ती शेजारपाजारची जनावरं तपासायची, मग तेही थांबलं असं ऐकलं. मंगलचं कुणी विचारलं तर मी ‘तिने कुठेतरी नोकरी धरली’ असं सांगतो. मला ते माहीत नाही. मी विचारलं नाही. नलिनीबाईंनी मला एका शब्दाने काही म्हटलं नाही. फक्त पाटी पुन्हा रंगवायला दिली तेव्हा माझ्या नावापुढचे दोन शब्द त्यांनी वगळले. पेंटरला म्हणाल्या, जागा नाही.

या धंद्यात मी पुढे मोठाली कामं केली. बँकांची, कारखान्यांची यंत्रं चालवली. नवी आवृत्ती चढवण्याआधी त्या दोन ओळी मी कागदावर लिहून खिशात ठेवायचो आणि चढवून झाल्यावर आधी नावाने हाक मारायचो, आकड्याने नाही. पोरं हसायची. त्यांना वाटायचं, म्हातारा शिस्तीचा आहे. ही शिस्त नव्हे हो. दर वेळी ती फाईल मी पुन्हा पुन्हा उघडून बघायचो. त्या दोन ओळी जागेवर दिसायच्या आणि तरी बरं वाटायचं नाही. ज्या दिवशी असायला हव्या होत्या त्या दिवशी नव्हत्या. नंतर हजार वेळा असून काय उपयोग?

पण मला सांगायचंय ते शेळगावला गेलो त्या दिवसाचं.

विद्यापीठाचं उत्तर आलं त्याच दुपारच्या एस.टी.ने गेलो. तात्या ओसरीवर लोकर पिंजत बसले होते. मंगल आतून पाणी घेऊन आली. तिने माझा चेहरा बघितला आणि तांब्या हातातच राहिला. मी सगळं सांगितलं, उभ्यानेच. जागा गेल्याचं, दोन ओळींचं, बाजूला ठेवलेल्या फाईलचं, हारतुऱ्याचं. आयुष्यात पहिल्यांदा हातवारे न करता बोललो.

तात्यांनी पिंजायची लोकर बाजूला ठेवली. मग विचारलं, रागाने नाही, नुसतंच, न कळून विचारल्यासारखं, “पन तुमी पोचलं म्हनाला व्हता.”

“हो तात्या.”

“दिव्याकडं बोट करून दावलं.”

“हो.”

“मंग त्ये दिवे कशाचे व्हते?”

मी धंद्यातला माणूस. मला उत्तर येत होतं. ते दिवे पुण्यापर्यंतचे होते, पुढचं ते दाखवत नाहीत. पण मी एस.टी.च्या तिकिटाची घडी घालत राहिलो.

मंगल म्हणाली, “राहू द्या तात्या. सरांनी मुद्दाम थोडंच केलंय?” आणि तांब्या माझ्यापुढे ठेवून आत गेली. आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

तात्या मला स्टँडपर्यंत सोडायला आले. शिव्या देतील म्हणून मी वाट बघत होतो, खरं म्हणजे आशेने. गाडी आली. मी पायरीवर चढलो तेव्हा ते खालून म्हणाले, “पोचल्यावर रिंगा द्या.”

माणसाला निरोप देताना जे म्हणायचं ते ते म्हणाले. सवयीने म्हणाले, की मला उभं चिरायला म्हणाले, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

बारामतीला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. इन्स्टिट्यूट उघडलं, वस्तादची वायर काढून फोनला जोडली आणि तात्यांच्या शेजारच्या दूध केंद्राचा नंबर फिरवला. एक रिंग. दोन रिंगा. आता ठेवायचा. मी ठेवला नाही. तिसरी वाजली, चौथी वाजली. पलीकडे फोन उचलला. मागे दुधाच्या किटल्यांचा आवाज येत होता.

“हॅलो?” मंगलचा आवाज. ती रिंगा ऐकायला तिथे येऊन थांबली होती, तात्यांनी धाडली असावी. “हॅलो, कोण बोलतंय? नाव सांगा की.”

आकडा लागला होता. नाव मला सांगता आलं नाही. मी फोन ठेवून दिला.